लिंडाचा एप्रन

लेबनॉनमधल्या ऐन-करमे गावात चर्चची भाकर पाळीपाळीने घरोघरी भाजायची रीत आहे. चर्चच्या दारावर यादी लागते, या रविवारी तन्नूस कुटुंब, पुढच्या रविवारी शेदराव कुटुंब, आणि ज्या घराची पाळी असेल त्या घरची बाई शनिवारी हातपाय धुऊन, प्रार्थना म्हणत, स्वतःच्या हाताने कणीक मळते. निदान गेल्या पिढीपर्यंत मळत असे. आताच्या बायांच्या नखांना ते सोसत नाही. आता बाई प्रार्थना म्हणते, कणीक मोलकरीण मळते, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर "काय सुरेख भाकर झालीय हो तुमची!" हे कौतुक बाई एकटी पदरात घेते.

त्या शनिवारी मादाम जोसलिन तन्नूस प्रार्थनासुद्धा म्हणत नव्हती. ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून फोनवर केकच्या दुकानाशी भांडत होती, आणि कुमुदिनी मळत होती.

कुमुदिनी हे नाव त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. नऊ वर्षांपूर्वी ती श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या चिलाव गावाहून इथे, लेबनॉनच्या या द्राक्षांच्या खोऱ्यात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मादामने विचारले होते, "तुझं नाव काय?" तिने सरळपणे सांगितले, "वर्णकुलसूर्य अ‍ॅग्नेस कुमुदिनी, मादाम." मादामचा नवरा मिस्टर नख्ले सोफ्यावर बसल्या बसल्या खदाखदा हसला. "हे नाव आहे का मालगाडी?" मादामने खुंटीवरून एक एप्रन काढला. पांढराशुभ्र, छातीवर लाल रेशमाने 'लिंडा' भरलेला. मठातल्या नन्सकडून खास भरून घेतला होता तो, आधीच्या मुलीसाठी. मुलगी गेली, एप्रन राहिला. "अगदी नवा आहे, टाकवत नाही," मादाम म्हणाली. "तू लिंडा. तुलाही सोपं, आम्हालाही सोपं." काटकसरी बाई! एका एप्रनसाठी तिने माणसाचे नाव टाकून दिले.

आधीची लिंडा कुठे गेली, हे कुमुदिनीने एकदोनदा विचारून पाहिले होते. "गेली," एवढेच उत्तर मिळाले.

चर्चची भाकर मळताना मात्र कुमुदिनी मनापासून मळायची. ती स्वतः पिढीजात कॅथलिक, तिच्या गावचे चर्च या गावच्या चर्चपेक्षा मोठे. भाकरीबरोबर एक कागद जातो, हे तिला पहिल्याच वर्षी कळले. त्या कागदावर घरच्या जिवंत आणि मेलेल्या माणसांची नावे असतात, आणि उपासनेआधी पाद्री एकेक नाव घेऊन भाकरीचा एकेक कण सुरीने काढून ताटलीत ठेवतो. तन्नूसांच्या कागदावर चाळीस नावे होती. ऐंशी वर्षांपूर्वी ब्राझीलला पळालेला आणि तिथे तिघींशी लग्न केलेला एक काकासुद्धा त्यात होता. ओट्यापाशी नऊ वर्षे उभी असलेली बाई नव्हती. म्हणून कुमुदिनी कणीक मळता मळता आपली नावे पुटपुटायची. बाप ज्यूड, जो होडीसकट समुद्रात गेला. आई रोसलिन. लेक दिल्हानी, जी आई निघाली तेव्हा दहा वर्षांची होती आणि तीन आठवड्यांनी बोहल्यावर चढणार होती.

हे लग्न हीच आता कुमुदिनीच्या जिवाची एकुलती एक गोष्ट होती. करार संपून पाच वर्षे झाली होती. पासपोर्ट पहिल्या दिवसापासून मादामच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची चावी मादामच्या गळ्यातल्या साखळीत, सोन्याच्या क्रुसाला लागून. "जा की घरी, कोण अडवतंय?" मादाम दर वर्षी म्हणायची. "फक्त एवढी सासूबाईंची शस्त्रक्रिया होऊ दे." मग एवढा धाकट्या मारिताचा बाप्तिस्मा होऊ दे. मग एवढी द्राक्षे उतरू देत. आणि आता, "एवढा सय्यदनांचा रविवार पार पडू दे, सोमवारी पासपोर्ट तुझ्या हातात. आईशपथ."

सय्यदना म्हणजे बिशप. ते बैरुतहून येणार होते, आणि त्यांच्याबरोबर हॉलंडचे काही पाहुणे. कारण ऐन-करमेचे चर्च आता 'सर्व लोकांचे चर्च' होणार होते. तसा फलकच छापून आला होता, चार भाषांत.

या फलकामागे एक भला माणूस होता, हे सांगितले पाहिजे. गावचे पाद्री, अबूना जर्मानोस. वय पन्नाशीचे, आवाज मऊ. दोन वर्षांपूर्वी या गावी आले तेव्हा त्यांना दिसले, की चर्चमध्ये मालकिणी पुढच्या बाकांवर आणि त्यांच्या बाया मागे खांबाजवळ, पोरे सांभाळत उभ्या. उपासना संपायच्या आधीच त्या निघून जायच्या, घरी जेवण गरम करायला. महिन्यातून एकदा दुपारी तीन वाजता तळघरात, घडीच्या खुर्च्या आणि नाताळच्या पुतळ्यांच्या खोक्यांमध्ये, त्यांची वेगळी उपासना व्हायची. एका प्रभूचे एकच शरीर, आणि त्याला तळघर! अबूनांना ते फार लागले. त्यांनी ठरवले, सगळ्यांनी एका वेळी, एका प्याल्यातून, एका रांगेत. विचार लाखमोलाचा होता. पण अबूनांना भांडणाची भीती वाटायची, म्हणून त्यांनी तो विचार मालकिणींच्या समितीकडे सोपवला.

समितीची शेवटची बैठक त्याच शनिवारी दुपारी तन्नूसांच्या दिवाणखान्यात भरली. कुमुदिनी कॉफीचा ट्रे घेऊन आत गेली तेव्हा पोशाखांवर खल चालला होता.

"प्रत्येकीनं आपापल्या देशाचा पोशाख घालायचा," मादाम जोसलिन म्हणाली. "फोटोत रंग पाहिजेत. रंदा, तुझी श्रीलंकी कुठली?"

"माझी श्रीलंकी इथिओपियाची," मादाम रंदा शेदराव म्हणाली. त्या खोऱ्यात श्रीलंकी हे मोलकरणीचेच नाव झालेले आहे, देश कुठलाही असो. "पांढरं घालते ती. पण मी म्हटलं, आधी दोनदा धुऊन काढ."

"माझी तर खरोखरच श्रीलंकेची," मादाम जोसलिन अभिमानाने म्हणाली. "तिच्यासाठी बैरुतहून साडी मागवलीय. जांभळी."

कुमुदिनीने जन्मात साडी नेसली नव्हती. चिलावच्या कोळणी फ्रॉक घालतात. पण तिला विचारायचे कोणाला सुचणार होते?

"मग त्या आपल्या बाकावर बसणार?" मादाम क्लोदने विचारले. तिला सर्दी होती आणि शंकाही फार होत्या. "म्हणजे माझी काही हरकत नाही हं. देवाच्या घरी सगळे सारखे. पण मसाल्याचा वास..."

"फक्त उद्याच गं," मादाम रंदाने तिच्या हातावर थोपटले.

अबूना खाली मान घालून कॉफीत साखर ढवळत होते. त्यांच्या कॉफीत साखर नव्हतीच. "एक काम राहिलंय," ते म्हणाले. "प्रसाद देताना सय्यदना प्रत्येकाचं नाव घेतात. 'देवाची दासी अमुक.' आपल्या लोकांना ते ओळखतात. या बायांची नावं मला लागतील. यादी द्याल का?"

"त्यात काय! लिहा," मादाम जोसलिन म्हणाली. "माझी लिंडा."

"माझी सूसू," मादाम रंदा म्हणाली.

"माझी पण लिंडाच," मादाम क्लोद म्हणाली. "आधी तिचं काहीतरी मेरी... मारा... जाऊ दे. लिंडा."

अबूनांनी तिथेच सगळ्या घरांची नावे गोळा केली. अकरा बायांत तीन लिंडा, दोन सूसू आणि एक कोको. त्यांनी ते सगळे सुवाच्य अक्षरात लिहून घेतले, आणि घोडचूक इथेच झाली. ज्यांची नावे, त्यांना विचारायचे सोडून त्यांनी मालकिणींना विचारले. विचारायची ती बाई हातभर अंतरावर ट्रे धरून उभी होती. रिकामा कप तिच्या ट्रेवर ठेवताना ते तिच्याकडे पाहून हसलेसुद्धा.

त्या हसण्यानेच कुमुदिनीला धीर आला. ते निघाले तेव्हा ती दारापर्यंत गेली. तिची अरबी स्वयंपाकघरात शिकलेली. त्यात आण, ने, पूस, ऊठ हे भरपूर होते, बाकीचे ती ठिगळे लावून बोलायची.

"अबूना, भाकरीचा कागद. त्यावर माझी नावं चालतात?"

"चालतात म्हणजे? लिही ना, मुली! तुझीच भाकर आहे."

"अरबी लिहिता येत नाही."

"तुझ्या लिपीत लिही. देवाला वाचता येतं," अबूना म्हणाले, आणि गाडीत बसून गेले.

कुमुदिनीने हात पुसून, चाळीस नावांच्या खाली, चार नावे गोल गोल सिंहली अक्षरांत लिहिली. बाप, आई, लेक आणि शेवटी स्वतः. नऊ वर्षांनी आपले नाव कागदावर उमटलेले पाहून तिला इतके बरे वाटले, की तिने ते बोटाने हळूच चाचपून पाहिले.

संध्याकाळी मादामने भाकरी टोपलीत ठेवताना कागद उलगडला.

"हे खाली काय? शेवया सांडल्यात का?"

"माझी नावं, मादाम. अबूना हो म्हणाले."

"उद्या सय्यदना स्वतः वाचणार आहेत हा कागद! त्यांनी अडखळायचं का, परक्या पाहुण्यांसमोर?" मादामने ओट्यावरची कात्री उचलली आणि कागदाची खालची पट्टी कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली. रागाने नाही, अगदी सहज, कोथिंबिरीचे देठ कापावेत तसे. मग तिला आपल्याच मोठ्या मनाचा उमाळा आला. तिने पेन काढून चाळीस नावांच्या खाली लिहिले, लिंडा. "बघ, घातलं की नाही तुला? आमच्या कुटुंबात!"

"लिंडा कोण, मादाम?" कुमुदिनीने विचारले.

"अगं, तू!" मादाम हसली. "वेडी कुठली."

कुमुदिनीने टोपलीवर फडके झाकले. डब्यातली पट्टी मात्र तिने नंतर काढली, काकडीच्या साली झटकून.

रविवारी चर्च फुलांनी नटले होते. अकरा बाया अकरा पोशाखांत, मालकिणींच्या शेजारी, पुढच्या बाकांवर. जांभळी साडी मादामने मोबाइलवर चित्रफीत पाहून स्वतःच्या हाताने कुमुदिनीला गुंडाळली होती, आणि अकरा पिना लावूनही ती सुटत होती. पाहुणे कौतुकाने माना डोलावत होते. सय्यदनांनी प्रवचन केले, की देवाच्या मळ्यात नाना जातींची द्राक्षे असतात. प्रवचन छान झाले. द्राक्षे तोडतो कोण, हा विषय त्यात आला नाही.

मग रांग लागली. मालकीण, तिची बाई, मालकीण, तिची बाई. छायाचित्रकार एका गुडघ्यावर बसला. अबूना यादी हातात धरून सय्यदनांच्या कानाशी नावे सांगत होते. कुमुदिनी पुढे सरकत होती आणि तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या, उद्या मिळणारा पासपोर्ट आणि मुठीत दडवलेली ती कापलेली पट्टी. तोंड उघडायचे, मिटायचे, संपले. नऊ वर्षे हेच तर केले. आणखी एकदा केले तर काय बिघडणार होते?

"देवाची दासी लिंडा," सय्यदना म्हणाले आणि द्राक्षारसात बुडवलेला भाकरीचा तुकडा तिच्या ओठांपाशी आणला.

कुमुदिनीचे तोंड उघडेना.

तिने ठरवून काही केले नाही. ज्या भाकरीसाठी तिने पहाटे उठून खमीर भिजवले, ज्या कणकेत तिने बुडालेल्या बापाचे नाव मळले, ती भाकर समोर आली होती आणि ती दुसऱ्याच कुणाला दिली जात होती. जिला दिली जात होती ती इथे नव्हतीच.

सय्यदनांना वाटले, हिला कळले नाही. त्यांनी तेच फ्रेंचमध्ये म्हटले. आपला प्रसाद घेऊन बाजूला थांबलेली मादाम जोसलिन, लहान पोराला औषध पाजताना करतात तसा, स्वतःचाच जबडा वासून दाखवू लागली. "तोंड उघड! लिंडा! आ कर!"

कुमुदिनीने ओठांवर हात ठेवला, मग काढला.

"सय्यदना, लिंडा इथं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण चर्च इतके गप्प झाले होते की खांबापर्यंत गेला. "लिंडा गेली. मी वर्णकुलसूर्य अ‍ॅग्नेस कुमुदिनी. बाप्तिस्मा झाला आहे. ही भाकर मी मळली. माझं नाव घेऊन द्या. नाहीतर नको."

सय्यदनांनी अबूनांकडे पाहिले. अबूनांनी यादीकडे पाहिले. यादीत लिंडा होते. एवढे मोठे नाव एकदा ऐकून उच्चारायचे आणि तेही कॅमेऱ्यासमोर, हे सय्यदनांना जमण्यासारखे नव्हते, किंवा जमवावेसे वाटले नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, गोड हसले, मागच्या मादाम क्लोदला प्रसाद दिला आणि पुढच्या बाईकडे वळले. पुढची मादाम क्लोदची. तिने भेदरून कुमुदिनीकडे पाहिले, डोळे मिटले आणि तोंड उघडले.

"देवाची दासी लिंडा," सय्यदना म्हणाले, आणि सगळ्यांना हायसे वाटले.

त्या आठवड्यात चर्चच्या फळ्यावर फोटो लागला. जांभळी साडी, ओठांवर हात, समोर सोनेरी टोपीतले सय्यदना. खाली छापले होते, 'एका प्रभूचे एकच मेज. सय्यदनांसमोर भारावलेली लिंडा.'

घरी काय झाले ते वेगळे सांगायला नको. "तोंड काळं केलंस माझं!" मादाम किंचाळली. "नऊ वर्षं खायला घातलं, लेकीसारखं वागवलं! आता बघ पासपोर्ट!" सोमवार आला आणि गेला. पण मादामने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. त्या दिवसापासून कुमुदिनी लिंडा या हाकेला ओ देईना.

तिने काम टाकले नाही. भांडी घासली, मारिताची वेणी घातली. फक्त हाक आली की ती हाक दुसऱ्याच कुणाला असावी तशी आपल्या कामात राही. "लिंडा, कॉफी!" कॉफी नाही. "लिंडा, फोन वाजतोय!" फोन वाजून वाजून थांबला. एप्रन घडी करून तिने मादामच्या पलंगावर ठेवून दिला होता.

"बहिरी झालीस का?" मंगळवारी मिस्टर नख्ले गरजला.

"नाही, मिस्टर."

"मग ओ का देत नाहीस?"

"कुणाला हाक मारली?"

मिस्टरने तोंड उघडले. नाव आठवेना. कधी ऐकलेच नव्हते नीट, हसण्यात ऐकले होते. "जोसलिन! हिचं खरं नाव काय गं?" तो आतल्या खोलीकडे ओरडला. "मला काय ठाऊक!" आतून उत्तर आले. द्राक्षांच्या मळ्यांची मालकी सांगणारी, सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असलेली ती दोन माणसे, आपल्या घरात रोज आपले अन्न शिजवणाऱ्या बाईला हाक मारायला एक शब्द शोधत होती!

बुधवारी अबूना आले. ते बसले नाहीत, कॉफीलाही नाही म्हणाले. त्यांच्या हातात ती यादी होती.

"मादाम जोसलिन, तिचा पासपोर्ट आणा."

"अबूना, आमच्या घरचा मामला..."

"मला तिचं नाव नीट उतरवून घ्यायचंय. मी ते विचारायलाच हवं होतं. माझी लाज आहे ती, तुमची तुम्ही बघा. आणा."

मऊ आवाजाचा माणूस असा बोलला की माणसे गोंधळतात. मादामने गळ्यातली साखळी ओढून चावी काढली, ड्रॉवर उघडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो पासपोर्ट उजेडात आला. अबूनांनी पहिले पान उघडून एकेक अक्षर लावत नाव यादीत उतरवले. मग ते थांबले. पान त्यांनी खिडकीकडे धरून पुन्हा पाहिले.

"याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलीय," ते म्हणाले.

कुमुदिनी दाराच्या चौकटीत उभी होती. "म्हणजे सोमवारी मिळाला असता तरी..." ती म्हणाली.

"मला काय ठाऊक याच्यावर तारीख असते?" मादाम म्हणाली. दर उन्हाळ्यात मिलानला जाणारी, स्वतःचा पासपोर्ट सहा महिने आधीच नवा करून घेणारी बाई म्हणाली हे! "मी तर नीट सांभाळून ठेवला होता. कुलपात!"

नव्या पासपोर्टला निदान सहा आठवडे. लग्न अडीच आठवड्यांवर. कुमुदिनी तिथेच फरशीवर बसली आणि मोठमोठ्याने रडली. नऊ वर्षांत त्या घराने तिचा रडण्याचा आवाज ऐकला नव्हता. मारिता घाबरून आईला बिलगली. अबूना खाली तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"अम्मा, आम्ही तारीख पुढं ढकलू का?" फोनवर दिल्हानीने विचारले.

"मुळीच नको," कुमुदिनी म्हणाली. "या लोकांच्या 'एवढं होऊ दे'वर माझी नऊ वर्षं गेली. तुझा एक दिवससुद्धा जायला नको."

अबूनांनी मग दोन गोष्टी केल्या. पासपोर्टचा अर्ज घेऊन ते स्वतः तिला बैरुतला घेऊन गेले. आणि चर्चच्या दारावरच्या यादीत, तन्नूस, शेदराव अशा घराण्यांच्या ओळीत, लग्नानंतरच्या रविवारपुढे त्यांनी एक नाव लिहिले. वर्णकुलसूर्य कुटुंब.

गावात गहजब झाला. "हे कुठलं घराणं?" लोक दाराशी उभे राहून विचारत. कळले तेव्हा तीन घरांनी आपली पाळी काढून घेतली. मादाम रंदाने स्वच्छतेचा प्रश्न काढला. ज्या हातांची भाकर ती वर्षानुवर्षे डोळे मिटून खात होती, ते हात तिला अचानक दिसू लागले होते. "सय्यदनांना कळवू," मिस्टर नख्ले म्हणाला. "कळवा," अबूना म्हणाले. "पत्रात नावं बरोबर लिहा."

लग्नाच्या शनिवारी कुमुदिनीने चर्चच्या तळघरात, त्या घडीच्या खुर्च्यांमध्ये, कणीक मळली. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर चिलावचे चर्च, पांढऱ्या पोशाखातली दिल्हानी, मधूनच गोठणारे चित्र. लेकीने अंगठी घातली तेव्हा आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते, डोळे पुसायलाही मोकळे नव्हते. तिने भाकरीवर ख्रिस्ताची आद्याक्षरे कोरलेला लाकडी ठसा दाबला, इतका जोरात की अक्षरे खोल उमटली.

नावे घेऊन भाकरीचे कण काढायचा तो विधी एरवी उपासनेआधी, वेदीच्या आड, कोणी आलेले नसताना उरकला जातो. ऐन-करमेचे भाविक अर्धी उपासना झाल्यावरच येतात, उशीर हे तिथे मानाचे लक्षण आहे. त्या रविवारी अबूनांनी त्या विधीचे टेबल ओढत पुढे आणले, बाकांच्या समोर, आणि मंडळी भरेपर्यंत सुरी हातात घेतली नाही. बाकांवर कुजबुज होती. मादाम जोसलिन तिसऱ्या रांगेत, काळा चष्मा लावून. सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून आली होती. मागे खांबाजवळ नेहमीप्रमाणे दहा बाया.

"कागद मला वाचता येणार नाही," अबूना म्हणाले. "तू सांग. मी कापतो."

कुमुदिनी टेबलापाशी आली. साधा निळा फ्रॉक, एप्रन नाही.

"ज्यूड," ती म्हणाली. "माझा बाप. समुद्रात गेला."

अबूनांनी एक कण काढून ताटलीत ठेवला. "ज्यूड."

"रोसलिन. माझी आई. दिल्हानी, आणि तिचा नवरा सुरंगा. काल लग्न झालं." तीन कण. मग ती खांबाकडे वळली. "त्सेहायनेश. तिला इथं सूसू म्हणतात. मेरिबेल. बेथलेहेम." तिने दहाही नावे घेतली. खांबाजवळ कुणीतरी हुंदका दाबला. अबूना एखादे नाव चुकायचे, पुन्हा विचारायचे, पुन्हा म्हणायचे आणि मगच कापायचे. बाकांवर माणसे खोकू लागली, घड्याळे पाहू लागली. घरोघरी जेवणे निवत होती आणि ती गरम करणाऱ्या बाया इथे होत्या.

"वर्णकुलसूर्य अ‍ॅग्नेस कुमुदिनी," ती म्हणाली.

"वर्णकुलसूर्य अ‍ॅग्नेस कुमुदिनी," अबूना न अडखळता म्हणाले. पाठ केले होते. "झालं?"

"एक राहिलं," कुमुदिनी म्हणाली. "लिंडा."

बाकांवरून हसल्यासारखा आवाज आला. मादाम जोसलिनने सुटकेने मान हलवली. आली एकदाची ताळ्यावर, असे तिला वाटले असावे.

"मी नाही," कुमुदिनी म्हणाली. "माझ्या आधीची. जिचा एप्रन मी नऊ वर्षं घातला ती. ती कुठं गेली, जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तिनंही त्याच ओट्यावर हीच भाकर मळली. तिचं नाव ताटलीत पाहिजे. खरं नाव."

ती तिसऱ्या रांगेकडे वळली. आवाजात राग नव्हता. खरोखरच हवे असलेले काही विचारावे, तसे तिने विचारले.

"मादाम, काय होतं हो तिचं नाव?"

मादाम जोसलिनचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला. तिने तोंड उघडले, आणि तसेच मिटले. मिस्टर नख्लेने तिच्याकडे पाहिले, सासूबाईंनी पाहिले, मग एकेक करून सगळ्या बाकांनी पाहिले. मादाम रंदाने मात्र पाहिले नाही. तिच्याही घरी सूसूच्या आधी एक सूसू होती.

अबूना सुरी भाकरीवर धरून थांबले होते.